आतला आकडा

आमच्या ह्यांना कोणाचंच खरं वाटत नाही. दूधवाल्याने दूध घातलं की हे बोट बुडवून बघणार, डॉक्टरने गोळी दिली की दुसऱ्या डॉक्टरला विचारून येणार, आणि किती वाजले ते मी सांगितलं तर उठून स्वतः घड्याळ बघणार. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी कुलूप लावलं आणि ह्यांनी ते ओढून पाहिलं नाही, असा एक दिवस कोणी दाखवावा. सुरुवातीला मी चिडायची. मग म्हटलं, जाऊ दे, आपण कुलूप लावूच नये. तेव्हापासून कुलूप हेच लावतात, आणि लावून झालं की हेच ओढून पाहतात.

त्यात धंदाही असा मिळाला की स्वभावाला खतपाणीच. हे जुनी हत्यारं दुरुस्त करतात. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. एक लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, भिंतीला किल्ल्यांसारख्या टांगलेल्या कानशी, आणि सगळीकडे तेलाचा वास. तो वास माझ्या साड्यांना लागतो, उशांना लागतो, चहालासुद्धा लागतो असं पाहुणे म्हणतात. दुरुस्ती करणारे दुसरेही आहेत, पण ह्यांचं नाव झालं ते जुन्या रिव्हॉल्व्हरचं साल सांगण्यात. सारखं भिंग डोळ्याला, म्हणून लोक भिंगवाले म्हणतात. माझ्या माघारी आणखी काय काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

गिऱ्हाईक येतं. म्हणतं, हे माझ्या पणजोबांना मोठ्या लढाईत मिळालं. हे मान डोलावतात, एक अक्षर बोलत नाहीत. मुठीवरच्या लाकडी पट्ट्यांचा स्क्रू काढतात, मुठीच्या बुडाशी ठोकलेला नंबर भिंगाखाली धरतात. मग चकरीच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या गोल चाकाच्या, पाठीवरचा नंबर बघतात, नळीच्या पोटावरचा बघतात. तिन्ही एक असले तर हत्यार जन्मल्यापासून अखंड. मग लाल पाठीची वही निघते. कोणत्या कारखान्याने कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंतची रिव्हॉल्व्हरं कोणत्या साली बाहेर काढली, ते त्यात सासऱ्यांच्या आणि ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. बोट खाली खाली सरकतं आणि एका ओळीवर थांबतं. 'पणजोबांची लढाई संपल्यावर नऊ वर्षांनी हे तयार झालं,' असं सांगताना ह्यांच्या तोंडावर जो आनंद असतो, तो मुलगा झाला तेव्हाही नव्हता.

"माणूस बोलतो, म्हणून तो खोटं बोलू शकतो," हे म्हणतात. "नंबर बोलत नाही."

आणि एक सवय. हातातून गेलेल्या प्रत्येक हत्यारावरच्या प्रत्येक आकड्याचा ठसा घ्यायचा. आकड्यावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, लहानपणी आपण नाण्यांचे काढायचो तसे. उपयोगाचा असो की बिनउपयोगाचा, सगळ्यांचे ठसे काढून जाड वहीत चिकटवायचे. सासऱ्यांची शिस्त होती ती. हात आपला सवयीने काढत राहतो.

आता दादाचं सांगते, कारण ह्यांचं सांगायचं तर दादाचं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

दादा माझा थोरला भाऊ. औषधांच्या एका मोठ्या गोदामावर पहारेकरी होता. अकरा वर्षं एकाच फाटकावर. गोदामाने त्याला एक रिव्हॉल्व्हर दिलं होतं. त्याने ते कधी झाडलं नाही, पण रोज पुसायचा. वहिनी म्हणायची, घरातल्या पितळी डब्यांना एवढं पुसलं असतं तर बरं झालं असतं. दादा अंगाने दांडगा आणि बोलायला अगदी कमी. आणि आमचे हे समोरच्याने आधी बोलावं म्हणणारे. दोघं समोरासमोर बसले की खोलीत नुसती घड्याळाची टिकटिक. मला वाईट वाटायचं. एका माणसाला आपलं माहेर आवडू नये, आणि दुसऱ्याला आपलं सासर, म्हणजे मधल्या बाईने करायचं काय?

म्हणून मी दादाला शिकवलं. म्हटलं, "अरे, ह्यांना त्यांच्या रिव्हॉल्व्हरांबद्दल काहीतरी विचार. लोकांना कोणती जुनी रिव्हॉल्व्हरं हवी असतात, एवढं विचार. बघ कसे फुलतात ते." दादाने पुढच्या खेपेला विचारलं. हे खरंच फुलले. पहिल्या तीस हजारांतलं रिव्हॉल्व्हर म्हणजे कसं, त्याची नळी हाताने घासलेली, हौशी लोक त्यासाठी कसे जीव टाकतात, सगळं सांगितलं. मग दादाने विचारलं, ते ओळखायचं कसं? आणि मग विचारलं, असं आपल्याकडे कोणाजवळ असेल का? मी आत चहा गाळत होते. मी एकच प्रश्न शिकवला होता, आणि त्याने तीन विचारले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

चार महिन्यांनी गोदामात नवे साहेब आले. नव्या साहेबाला कामाची हौस असते. त्यांनी हत्यारांची नोंदवही काढली आणि एकेक वस्तू ताडून बघायला सुरुवात केली. दादाच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर मोठ्या रबरी पट्ट्या बसवलेल्या होत्या, कोणी आणि कधी बसवल्या देव जाणे. त्या काढल्या. बुडाला नंबर होता ३१४८६२. नोंदवहीत होता २७४१५. झालं. साहेबांनी जाणत्या माणसाला बोलावलं, आणि आमच्या गावात जाणता एकच.

नात्यातलं प्रकरण आहे, मी येत नाही, असं ह्यांनी म्हणायला हवं होतं. ते मी त्या दिवशीही म्हटलं आणि अजूनही म्हणते. पण ह्यांचं म्हणणं, नात्यातलं आहे म्हणून मागे हटलो तर लोकांना संशय येईल. गेले. भिंग लावलं, ठसे काढले, लाल वही उघडली आणि मत दिलं. नोंदीतला नंबर फार जुना, पहिल्या तीस हजारांतला, हौशी लोक शोधत फिरतात तसला. हातात आहे ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं साधं रिव्हॉल्व्हर. म्हणजे मोलाचं काढून त्या जागी हलकं ठेवलेलं आहे. साहेबांनी विचारलं, पहारेकऱ्याला यातलं काही कळत होतं का? तेव्हा ह्यांनी सांगितलं की चार महिन्यांपूर्वी त्यानेच मला तीन प्रश्न विचारले होते.

दादाची नोकरी गेली. तुरुंगात घातलं नाही, कारण दुसरं रिव्हॉल्व्हर सापडलं नाही. पण फाटकावरून माणूस हाकलला गेला की लोकांना वेगळा निकाल लागत नाही. वहिनी दोन वर्षं बाजारात मान वर करून गेली नाही. दादाने पुष्कळ हात-पाय मारले आणि शेवटी बसथांब्यामागे सायकलींचा स्टँड घातला. सायकल लावली की पत्र्याचा एक बिल्ला सायकलीला अडकवायचा आणि त्याच नंबराचा दुसरा गिऱ्हाइकाला द्यायचा. कोणी बिल्ला हरवला तरी तो तोंड बघून सायकल देतो. इतक्या वर्षांत त्याची एक सायकल गेलेली नाही.

मी ह्यांच्याशी दोन महिने बोलले नाही. मग मुलगा तापाने फणफणला आणि बोलावं लागलं. संसार असाच असतो, भांडण पुरं करायलाही सवड देत नाही. दादाकडे मी महिन्यातून एकदा जायची. हे आले नाहीत आणि दादाने आमची पायरी चढली नाही. मी लोकांना ठासून सांगायची, माझा भाऊ असा नाही. सांगायची खरी. पण कधीतरी भाजी निवडताना ते दोन जास्तीचे प्रश्न आठवायचे, आणि मी सुरी जोरात चालवायची.

प्रश्न मी शिकवला होता, हे ह्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बहीण-भावाने मिळून गोष्ट रचली. निदान मी स्वतःला तसं समजावलं.

एकोणीस वर्षं अशी गेली. आणि ह्या वर्षी एक नर्सबाई दुकानात आल्या.

निवृत्त झालेल्या, सडसडीत, बोलणं इंजेक्शनसारखं. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "माझ्या आत्याचं. आत्या सर्कशीत नेमबाज होती. ती गेली, आता परवाना माझ्या नावावर करायचाय. साल लिहून पाहिजे."

ह्यांनी मुठीच्या पट्ट्या काढल्या, नंबर बघितला, परवान्याचा कागद बघितला आणि खुर्चीत मागे टेकले. ते टेकणं मी ओळखते. मांजर उंदीर दिसल्यावर आधी बसतं, तसं ते असतं.

"बाई, कागदावरचा नंबर ह्या हत्याराचा नाही," हे म्हणाले. "हे तुमच्याकडे कुठून आलं, ते खरं सांगा."

नर्सबाईंची पापणीही लवली नाही. त्यांनी रिव्हॉल्व्हर उचललं, अंगठ्याने खिटी दाबली आणि चकरी बाजूला बाहेर काढली, अशी सहज की जणू जन्मभर तेच केलं. चकरी बाहेर आली की तिच्यामागे सांगाड्यात एक खाच दिसते. त्या खाचेत बोट ठेवून म्हणाल्या, "हा बघा कागदावरचा नंबर."

हे हसले. "तो फिटिंगचा नंबर. कारखान्यात सुटे भाग एकत्र राहावेत म्हणून कारागीर ठोकतात. रिव्हॉल्व्हर तयार झालं की त्याला किंमत नाही. आम्ही तो धरत नाही."

"तुम्ही धरत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण कागद लिहिणारा कारकून होता, भिंगवाला नव्हता. मूठ झाकलेली. त्याने चकरी उघडली, आकडा दिसला, लिहिला. त्याला कोणी सांगितलं होतं की हा धरायचा नसतो?"

ह्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण मागचा माणूस निघून गेल्यासारखं. साल लिहून दिलं, पावती मी फाडली. नर्सबाई जाता जाता म्हणाल्या, "संशय घ्यायला हरकत नाही, पण तो जरा सगळ्यांवर सारखा घ्यावा." मला बाई फार आवडल्या.

संध्याकाळी हे दुकान बंद करून आत आले. मी कान देऊन होते. कुलूप लागल्याचा आवाज आला, पण ओढल्याचा आला नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, ह्यांना बरं नाही. दुसऱ्या दिवशी दुधात बोट घातलं नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं साडेनऊ झाले, तर म्हणाले बरं. मला दरदरून घाम फुटायचा बाकी राहिला. आधी वाटलं, मोठा आजार असेल आणि लपवत असतील. मग, खोटं कशाला बोलू, नर्सबाईंचाही विचार मनात आला. बासष्ट वर्षांच्या माणसावर असला संशय घेताना माझं मलाच हसू आलं, तरी मी दोनदा त्यांच्या सदऱ्याचे खिसे तपासले. संशयी माणसाबरोबर इतकी वर्षं काढली की वाण नाही पण गुण लागतो.

खिशात मला जुन्या वह्यांच्या कपाटाची किल्ली मिळाली. ही किल्ली कायम दाराशेजारच्या खिळ्याला असते. ती खिशात कशाला?

त्या दिवशी मी किल्ली तशीच ठेवली. मग बघत राहिले. हे दुपारी मला म्हणायचे, जरा पड. मी पडले की कपाट करकरायचं. मी उठून गेले की कपाट बंद, आणि हे उगाचच एखादी कानस पुसत बसलेले. असं दोन-अडीच आठवडे चाललं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस लगेच कळतो, पण भांड्यात काय आहे ते कळेना. शेवटी एका सकाळी हे आंघोळीला गेले, सदरा खुंटीला होता, मी किल्ली काढली.

वह्या सालवार लावलेल्या. एक वही इतर वह्यांपेक्षा अंगठाभर पुढे आलेली. ती काढली तर आपोआप एका पानावर उघडली, कारण ते पान पुन्हा पुन्हा उघडलेलं होतं. वर तारीख. ती तारीख मला पाठ आहे. खाली पेन्सिलीचे ठसे, काळपट कागदावर पांढरे आकडे. मुठीचा ३१४८६२. चकरीचा ३१४८६२. नळीचा ३१४८६२. आणि कोपऱ्यात, डिंकाने जरा तिरका चिकटलेला, चौथा ठसा. खाली ह्यांच्याच अक्षरात 'आतला'.

२७४१५.

मी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा वाचला. नोंदवहीतला नंबर. ज्या आकड्याला सारं गाव दुसरं रिव्हॉल्व्हर समजत होतं, तो त्याच रिव्हॉल्व्हरच्या पोटात होता. दुसरं रिव्हॉल्व्हर नव्हतंच. काखेत कळसा म्हणतात, तो आमच्या कपाटात एकोणीस वर्षं पडून होता, आणि मी दर वेळी दुकान झाडताना त्या कपाटावरची धूळ पुसत होते.

हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. वही हिरव्या कापडावर उघडी आणि मी त्यांच्या खुर्चीत.

"मला माहीत आहे," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"नर्सबाई आल्या तेव्हापासून."

"म्हणजे बावीस दिवस. आणि बावीस दिवस तुम्ही मूग गिळून बसलात."

"खात्री करत होतो. ठसा नीट उमटला नसेल. सातचा एक दिसत असेल. हत्यार पुन्हा बघितल्याशिवाय–"

"माझ्या भावाला घालवताना हत्यार एकदाच बघून चाललं होतं."

हे खाली बसले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, ओल्या अंगाने. मी तोवर पान खालपर्यंत वाचलं होतं. तळाशी ह्यांनी नोंदवहीतली ओळ उतरवून घेतली होती, आणि तिच्यात खरेदीचं साल होतं, आणि पुढे 'नवीन' असा शब्द होता. मला नंबरांतलं काही कळत नाही, पण लाल वहीत ओळ शोधता येते. २७४१५ हे त्या खरेदीच्या बावीस वर्षं आधीचं निघालं.

"गोदामाने नवीन घेतलं होतं, तर ते बावीस वर्षं जुनं कसं?" मी विचारलं. "तुम्ही दुसऱ्यांच्या पणजोबांना खोटं पाडता ते ह्यावरूनच ना? तेव्हा हे खटकलं नाही?"

"खटकलं होतं. वाटलं, विकणाऱ्याने जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला असेल."

"म्हणजे विकणारा चोर, माझा भाऊ चोर, आणि वही लिहिणारा तेवढा साव."

ह्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "नवशिक्या माणसाने दोन्ही आकडे बघितले असते. मी आतला बघितला नाही. ठसा हाताने काढला, चिकटवला, खाली लिहिलंसुद्धा, पण मी तो बघितला नाही. वडिलांनी शिकवलं होतं, तो धरायचा नसतो."

मला इतका राग आला होता की हातात कानस असती तर मी फेकली असती. आणि त्याच वेळी हा माणूस ओल्या अंगाने कुडकुडत होता, म्हणून मी उठून सदरा आणून दिला. मग सांगितलं, "पहिला प्रश्न दादाला मीच शिकवला होता. तुम्ही त्याच्याशी बोलावं म्हणून."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं की खोटं, असं नेहमी बघतात तसं नाही. नुसतं बघितलं.

"कपडे घाला," मी म्हटलं. "वही घ्या. स्टँडवर जायचं."

दादा बिल्ले तारेत ओवत होता. आम्हाला दोघांना एकदम बघून त्याने तार खाली ठेवली. आता पासष्टीला आला आहे, केस पिकले, पण खांदे तेच. ह्यांनी वही पुढे केली आणि कोपऱ्यातल्या ठशावर बोट ठेवलं. दादाने खिशातून चष्मा काढला, पान लांब धरलं, जवळ धरलं.

"हा आकडा तर मी रोज पुसायचो," तो म्हणाला. "खाचेत तेल साचायचं."

"माझी चूक झाली," हे म्हणाले. "एकच रिव्हॉल्व्हर होतं. तुम्ही काही केलं नव्हतं."

"मी काही केलं नव्हतं ते मला माहीत आहे, दाजी." दादाचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी साहेबांच्या खोलीच्या दारात तुम्हाला म्हटलं होतं ना, आतला पण बघा म्हणून."

मी ह्यांच्याकडे वळले. हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं एका उशीशेजारी झोपून माहीत नव्हतं.

"म्हणाला होतात," हे म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, तो आम्ही धरत नाही."

"हो."

एक शाळामास्तर सायकल घ्यायला आले. दादाने बिल्ला घेतला, सायकल काढून दिली, घंटी नीट वाजते का ते वाजवून पाहिलं. मास्तर गेल्यावर हे म्हणाले, "मी लेखी देतो. सहीशिक्क्यानिशी. गोदामाच्या कचेरीला देतो, इथे लावायला देतो, म्हणाल त्याला वाचून दाखवतो."

"ते साहेब वारले," दादा म्हणाला. "कचेरीला द्यायचं ते द्या. आधी घरी चला आणि हिच्या वहिनीला सांगा."

"वहिनींना? त्यांना काय सांगायचं? त्या तर तुमच्या–"

"तिने मला एकदाही विचारलं नाही," दादा म्हणाला. "घेतलं का, नाही घेतलं का, काहीच नाही. ताट वाढलं, कपडे धुतले, दुखलं-खुपलं बघितलं. पण विचारलं नाही. तिला काय वाटतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही."

त्याने स्टँड शेजारच्या पंक्चरवाल्याला सांभाळायला सांगितला आणि आम्ही तिघं चालत निघालो. दोन गल्ल्या.  हे वही छातीशी धरून चालले होते, आणि दर दहा पावलांवर ती आहे ना, हे चाचपत होते. मला तेवढ्यातही वाटलं, परत आला वाटतं माणूस जागेवर.

वहिनी ओट्याशी होती. ह्यांना दारात बघून तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि हात पुसले. ह्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, न चुकवता. नंबर, ठसा, नोंदीतला 'नवीन' शब्द, दारातलं दादाचं बोलणं. स्वतःचं उत्तरही सांगितलं. त्यातला एक शब्द गाळला असता तर मी बोलणार होते, पण त्यांनी गाळला नाही.

वहिनी ऐकत राहिली. मग दादाकडे वळून म्हणाली, "तुम्ही मला सांगायचं ना."

"तू विचारायचं ना."

"मला भीती वाटायची," वहिनी म्हणाली. "हो म्हणालात तर?" आणि भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. एकोणीस वर्षांचं एकदम. दादा तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याला काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून त्याने तिचा ओला हात आपल्या सदऱ्याला पुसला.

हे बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी चहा ठेवला, कारण कोणीतरी ठेवायलाच हवा होता. साखरेचा डबा कुठे आहे ते मला माहीत होतं. इतकी वर्षं ह्या घरात येत होते, डबे माहीत होते, आणि विचारायचं ते विचारलं नव्हतं. वहिनीला नावं ठेवायला मी कोण?

दादा उठून माझ्यामागे आला. कप काढून देताना त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी समजले की माझ्याही मनात संशय होता ते त्याला माहीत आहे.

"दादा," मी म्हटलं, "मी तुला एकच प्रश्न शिकवला होता. तू तीन का विचारलेस?"

तो जरा आठवायला थांबला. मग त्याच्या तोंडावर ओशाळल्यासारखं हसू आलं.

"अगं, पहिला विचारला तेव्हा दाजी हसले ना," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून तोवर कधी हसले नव्हते. मला वाटलं, जमतंय. म्हणून आणखी दोन विचारले."

चहा वर आला आणि मला दिसला नाही. दादानेच हात पुढे करून गॅस बारीक केला. मग चार कप भरले आणि त्यातला एक घेऊन तो बाहेर पायरीवर गेला.